माझ्या जोडावरचा चंदेरी रंग

मित्रांनो, मी एक रिम आहे. जुनी म्हणावी तर दोनदा जुनी, कारण आधी मी एक नव्हतेच. माझी डावी बाजू देऊळघाटच्या एका दूधवाल्याच्या सायकलला होती. जाड पत्र्याची, दणकट, दोन्हीकडे कॅन लटकवून वीस वर्षं पळालेली. उजवी बाजू एका शाळकरी मुलीच्या सायकलची होती, पातळ आणि नखरेल. दोघी भंगारात पडलो होतो. हरिओमने आम्हाला तिथून उचललं आणि दोघींची मिळून एक केली. ज्याने मला घडवलं त्यालाच मी कसं जमिनीवर आणलं, ते आज सांगणार आहे. सांगताना मला लाज वाटते, तरी सांगते.

हरिओमचं धाड गावात सायकल दुरुस्तीचं आणि वेल्डिंगचं दुकान आहे. त्याची बायको रुपाली नदीकाठच्या शेडनेटमध्ये एका कंपनीसाठी मिरचीचं बियाणं तयार करते. हे काम फार नाजूक असतं. बायका संध्याकाळी कळ्यांमधले पुंकेसर चिमट्याने काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर म्हणून राखलेल्या दुसऱ्या जातीच्या झाडांचे परागकण त्या फुलांना हाताने लावतात. ऊन तापायच्या आत लावले तर मिरची धरते, नाहीतर फूल गळून पडतं. यंदा रुपालीची नर झाडं मर रोग लागून वाळून गेली. पलीकडच्या काठावर शेषरावकाकांकडे त्याच जातीची झाडं होती. ते म्हणाले, "माह्यं काम भागलं की उरलेले पराग तू नेत जाय." ते उरलेले पराग वाळवून, चाळून डबीत भरेपर्यंत नऊ वाजायचे, आणि दहाला ऊन कडक व्हायचं.

मध्ये नदी होती. दिवाळीनंतर पाणी घोट्याइतकंच उरलं होतं, पण वाळूत पाय पोटरीपर्यंत जायचा. पायी सव्वा तास लागायचा. मोटरसायकल वाळूत रुतायची. रस्त्याने फिरून जावं तर सतरा किलोमीटर, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. एकदा रुपाली साडेदहाला पोचली, तेव्हा त्या दिवसाची सगळी फुलं गेली. कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला. पुन्हा असं झालं तर प्लॉट रद्द, हे त्याने तिला तोंडावर सांगितलं. म्हणजे अख्ख्या हंगामाची मेहनत मातीत. त्याच दिवशी हरिओमच्या डोक्यात नवं खूळ शिरलं.

दुकानात एक गिअरची, डोंगरात चालवायची सायकल पडून होती. ती वाळूत चालवायचीच, असा त्याने चंग बांधला. पहिल्यांदा नेहमीच्या टायरमधली हवा कमी केली. टायर दगडावर दबला आणि ट्यूब फाटली. मग बुलढाण्याहून भलामोठा जाड टायर आणून साध्या अरुंद रिमवर चढवला. तो वर टम्म फुगला, पण खाली त्याला धरायला जागा नव्हती. वळणावर टायर एकीकडे आणि हरिओम दुसरीकडे गेला. नंतर मोपेडची रिम लावून पाहिली, तर सायकल रुपालीला उचलेना. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की नुसता टायर जाड करून भागत नाही. त्याला बसायला बूडही रुंद लागतं.

म्हणून मी जन्माला आले. ग्राइंडरने त्याने आमच्या दोघींची एकेक कड कापली आणि गॅसने, पितळी काडीने आम्हाला एकमेकींना जोडलं. पातळ बाजू लवकर तापायची, जाड बाजू उशिरा. थंड होताना एकीने ओढ घेतली आणि दुसरी हटून बसली. हरिओमने हातोडीने ठोकून मला सरळ केलं आणि म्हणाला, "चालून जाते." पण कामाचा तो चोख होता, हे मान्य करायला हवं. जोडाच्या आतून त्याने रॉकेल लावलं आणि बाहेरून खडू फासला. फट असली की रॉकेल झिरपून खडू ओला होतो. माझा खडू कोरडा राहिला, तेव्हाच त्याने मला सायकलला लावलं. मी पुढच्या चाकात, कारण वाळूत आधी पुढचं चाक घुसतं. माझ्या रुंदीला पुढचा ब्रेक पुरेना, म्हणून तो काढून टाकला. मागचा तेवढा राहिला.

पहिल्या दिवशी वाळू आली तशी माझी छाती धडधडली. रिमला छाती नसते, ठाऊक आहे, पण धडधडली. टायरमध्ये हवा इतकी कमी की अंगठ्याने दाबता यावा. वाळूत तो पसरला आणि आम्ही वरच्या वर निघालो! पंचवीस मिनिटांत शेडनेटवर. तिथे मजूर बायकांची मुकादम तानुबाई डबीची वाट पाहत दारात उभी होती. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "काय माय, सायकलले भाकर लावली का?" सगळ्या बायका हसल्या. मला राग आला, पण डबी वेळेवर पोचली होती, म्हणून मीही हसण्यावारी नेलं.

अठरा दिवस एक फूल वाया गेलं नाही. बातमी गावभर झाली. अर्जुनराव गुरुजी वाकून माझी रुंदी वितीने मोजून गेले. मग बुलढाण्याहून आल्हाद आला. तो कुठल्याशा ऑफिसात नोकरीला होता आणि रविवारी मित्रांसोबत सायकली घेऊन डोंगर पालथे घालायचा. त्याच्याकडे कारखान्यात बनलेली खरीखुरी जाड चाकांची सायकल होती. त्याने मला बोटांनी चाचपलं. "दादा, कमाल केली तुम्ही! आम्ही असल्या सायकलीसाठी शहरं धुंडाळतो, आणि तुम्ही ती भंगारातून बनवता? येत्या रविवारी आमच्या सायकल क्लबला घेऊन येतो. वहिनी नदी उतरतात ना, त्याचा व्हिडिओच करू."

हरिओमचे कान लाल झाले. इतकं कौतुक त्याचं आजवर कोणी केलं नव्हतं.

पण मित्रांनो, त्याच आठवड्यात मला काहीतरी झालं होतं. काठाजवळच्या दगडावर मी आपटले आणि जोडात केसाएवढी चीर पडली. नखरेल बाजू दणकट बाजूपासून सुटू पाहत होती. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात मी एकदा "टक्" म्हणू लागले, अगदी हळू. मला तोंड नाही, दुसरं मी काय करणार होते?

शनिवारी हरिओमने मला तपासायला सायकलवरून उतरवलं. हातात रॉकेलची बाटली घेतली, खडू काढला. मला हायसं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. आल्हाद होता. "दादा, उद्या सकाळी पक्कं! आणि त्या रिमला जरा सिल्व्हर मारा ना, व्हिडिओत झकास दिसेल." हरिओमने बाटली खाली ठेवली आणि स्प्रेचा डबा उचलला. एक हात, दुसरा हात, तिसरा हात. चीर रंगाखाली गेली. खरं सांगू? रंग मला आवडला. मी आरशासारखी चमकत होते. मीही त्या शनिवारी थोडी हुरळले होते.

रविवारी रुपाली पलीकडे गेली आणि नऊ वाजता डबी घेऊन परत निघाली. टक्. टक्. आता तिलाही ऐकू येत होतं. हँडलमधून तो ठोका तिच्या हाताला लागत होता. ती थांबली, स्पोक चाचपले, माझ्या अंगावर हात फिरवला. रंग गुळगुळीत होता. तिने हरिओमला फोन लावला.

"अहो, हे चाक आवाज करून राह्यलं."

"स्पोक ढिला असन एखादा. ये तशीच. पाव्हणे येऊन राह्यले इकडं."

ती पुन्हा बसली. लगेच तानुबाईचा फोन आला. "कुठं हायेस व माय? ऊन चढून राह्यलं. बाया हात धुऊन बसल्या." रुपालीने पायडल जोरात मारले. ती जितकी घाई करायची, तितकी माझी चीर वाढत होती. बोटभर होती ती वीतभर झाली. मी ओरडत होते, टक् टक् टक्, आणि माझ्या पुढे तो उतार आला, नदीत उतरणारा, खाली दगडांनी भरलेला.

उताराच्या तळाशी हरिओम उभा होता. त्याच्याजवळ आल्हाद आणि त्याचे चार मित्र, सायकली बाजूला लावून हातात फोन धरून. "काऊन थांबली?" हरिओम खालून ओरडला. "ये ना बिनधास्त!"

रुपालीने खाली पाहिलं. घड्याळात पाहिलं. नऊ वाजून सतरा मिनिटं. तिचे हात माझ्या वरच्या हँडलवर घट्ट आवळले गेले. त्या एका क्षणात मी देवाला काय काय कबूल केलं, ते विचारू नका. मग तिने पाय जमिनीवर टेकवला आणि हँडलला बांधलेली डबी सोडवून हातात घेतली.

हरिओम धापा टाकत वर आला. "रुपाली, सगळे पाहून राह्यले."

"पाहू द्या. पडल्यावर बी पाह्यतीनच. मी नायी बसत याच्यावर."

"अव, मी बनवलं ना हे? मले मालूम नायी का?"

"तुमाले बनवता येते. मले चालवता येते. हे चाक बराबर नायी."

ती पायी उतार उतरू लागली. तिला ठाऊक होतं की आता सव्वादहा वाजणार, निम्मी फुलं जाणार. तरी तिने मागे वळून पाहिलं नाही. हरिओमचा चेहरा उतरला होता. पाच पाहुण्यांसमोर बायकोने त्याच्या कामावर अविश्वास दाखवला होता. त्याने हँडल धरलं आणि माझ्यावर स्वार झाला.

नको रे बाबा, नको! माझ्यात जेवढा जीव होता तेवढा मी धरून ठेवला. अर्धा उतार मी त्याला नेलं. रुपालीच्या बाजूने आम्ही निघून गेलो, तेव्हा तो हसत होता. मग पहिला दगड आला. माझ्या दोन्ही बाजू एकमेकींपासून फाटल्या, टायर निसटला, मला धरणारा सायकलचा पुढचा चिमटा जमिनीत रुतला आणि हरिओम माझ्यावरून उडून खांद्यावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज माझ्या आवाजापेक्षा फार लहान होता.

रुपाली धावली. चार पावलांवर थबकली. एका हातात डबी, समोर नवरा. तेव्हा तिने आल्हादच्या जाड चाकांच्या सायकलकडे पाहिलं आणि डबी त्याच्या हातात कोंबली. "त्या हिरव्या शेडनेटवर तानुबाईले द्या. दहाच्या आत. डबी आडवी करू नका, तुमाले हात जोडते." आल्हादने फोन खिशात टाकला आणि तो वाळूतून सुसाट निघाला. रुपाली हरिओमजवळ बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडली. मी बाजूला वाकडी होऊन पडले होते. माझ्या फाटलेल्या कडेवर चंदेरी रंग अजून चमकत होता.

डबी पावणेदहाला पोचली. तानुबाईने आल्हादला बूट काढायला लावले आणि मगच त्याच्या हातून ती घेतली. फुलं धरली, प्लॉट वाचला. नंतर शेषरावकाकांना सगळं कळलं, तेव्हा ते हळहळले. "पोरी, आधी सांगाचं ना. तुह्यी डबी पह्यले भरली असती." आता ते तसंच करतात. रुपाली सकाळी लवकर पायी जाते आणि पायीच वेळेत येते. भीड पडली म्हणून हे कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यापायी मला जन्म घ्यावा लागला.

रुपाली हरिओमला जेवण वाढत होती, पण तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी आल्हाद दुकानात आला. हरिओमचा हात गळ्यात बांधलेला. मी कोपऱ्यात टेकवलेली.

"दादा, तुम्ही पडलात ते सगळं रेकॉर्ड झालंय. मी ते पुसून टाकतो. कोणाला दाखवणार नाही."

"मले दाखवा," हरिओम म्हणाला. त्याने एकदा पाहिलं. मग आवाज मोठा करून पुन्हा पाहिलं. फोनमधून मी स्पष्ट ऐकू येत होते. दगडाच्या आधी किती वेळा मी बोलले, ते त्याने बोटांवर मोजलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुसू नका," तो म्हणाला. "टाका तुमच्या त्या क्लबमंदी. माह्यं नाव बी टाका. जोड मीच केला, रंग मीच मारला, अन् बायको नायी म्हणे तरी मीच बसलो, हे बी लिवा."

"लोक हसतील हो, दादा."

"हासू द्या. कोणी दुसरा असं चाक बनवत असन, तर हासता हासता त्याले ते ऐकू येईन."

रुपाली दारात डबा घेऊन उभी होती. तिने तो त्याच्यासमोर ठेवला, झाकण उघडलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली. "एका हातानं भाकर मोडत नायी तुमाले. थांबा, मी मोडून देते."

मित्रांनो, मी आता भंगारातच जाणार आहे, आणि त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागते. वस्तू बोलतात, पण त्यांचा आवाज फार लहान असतो. कौतुकाच्या गलबल्यात तो बुडू देऊ नका. आणि जो रोज ती वस्तू वापरतो, तो थांबला, तर त्याच्यासोबत थांबा.