दिनकरराव बातमीदाराचा चौदावा चोर

हट्ट्याच्या मारुतीचे डोळे चोरीला गेले ते साल खानेसुमारीच्या पुढचं. डोळे चांदीचे होते, दोन्ही मिळून चांगले पाव शेराचे. वर्षभर ते तातेराव पाटलाच्या घरी लाकडी पेटीत राहायचे, हनुमान जयंतीला वाजतगाजत देवळात यायचे, पाटील स्वतःच्या हातानं ते मेणावर बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरवून परत पेटीत. त्या साली दुसऱ्या दिवशी उतरवायला गेले तर उतरवायला काही उरलंच नव्हतं. देव शेंदराच्या दोन खोबण्या घेऊन उभा होता.

त्या रात्री देवळाच्या आवारात खेमा गाडीवान झोपला होता. गाडीचा आख मोडला म्हणून तांड्यावर परत जाता आलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. पण तो तांड्यावरचा होता आणि गावाला तेवढं कारण पुष्कळ झालं. त्याला अमिनाकडं, म्हणजे निजामाच्या फौजदाराकडं, द्यायचं ठरलंही असतं, पण तांड्याचा नायक मोहनसिंग आडवा आला. तो म्हणाला, "देवाला कौल लावा. देव म्हणला की खेमानं घेतले, तर मी खुद्द त्याला घेऊन जातो. तुमाला तकलीफ न्हाई."

बोलणं रास्त होतं. हट्ट्यात म्हैस हरवली तरी मारुतीला कौल लावायचे. उजवीकडचं फूल पडलं की होय, डावीकडचं पडलं की नाही. पण ग्यानबा गुरवानं मान हलवली.

"डोळे न्हाईत तर देवाला दिसंल कसं? आंधळ्याची साक्ष अमीन तरी घेतो का?"

गाव पेचात पडलं. मग कुणीतरी म्हणालं, दिनकररावाला विचारा. झालं, सगळ्यांना पटलं. मोहनसिंगालाही पटलं, कारण दिनकररावाची तेराच्या तेरा पुस्तकं त्यानं ऐकली होती आणि तेरातला एकही चोर सुटला नव्हता.

हा दिनकरराव म्हणजे पुस्तकातला माणूस. मुंबईच्या कुठल्याशा वर्तमानपत्राचा बातमीदार, पण बातमी आणायला जायचा आणि चोर धरून यायचा. खून, दरोडा, नाहीशी झालेली पोरगी, जे काही पोलिसांना उकलत नसे ते हा आपल्या वहीत चार गोष्टी टिपून उकलायचा. ही पुस्तकं गावच्या शाळेचे सोनाजी मास्तर वसमतच्या स्टेशनवर पार्सलानं मागवायचे आणि उन्हाळ्यात देवळापुढच्या लिंबाखाली दुपारच्याला मोठ्यानं वाचायचे. निजामाच्या राज्यात वर्तमानपत्र यायचं तेच कापडाच्या गठ्ठ्यात दडून. बातमीदार कसा असतो हे हट्ट्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. अमिनाच्या वरचा आणि तालुकदाराच्या जरासा खालचा असा तो कुणीतरी हुद्देदार असावा, असा गावाचा समज होता. मास्तरांनी तो कधी खोडला नाही. खरं सांगायचं तर त्यांनी तरी कुठं पाहिला होता.

चौदावं पुस्तक नुकतंच आलं होतं. हिरव्या बंगल्यातून दागिने जातात आणि दिनकरराव वही काढतो, इथपर्यंत वाचून झालेलं. बंगल्यात मालक होता, पुजारी होता, वाणसामान पुरवणारा दुकानदार होता, एक विधवा स्वयंपाकीण होती आणि मागच्या अंगणात मुक्कामाला थांबलेला एक फिरस्ता बैलवालाही होता. जणू सगळा हट्टाच उचलून तिथं नेला होता. ठरलं असं, की पुस्तकात जो चोर निघेल त्याच्यासारखा गावात जो असेल तोच डोळेचोर. मास्तर म्हणाले, "अहो, हे पुस्तक पुण्यात छापलं. त्याला हट्ट्याचं काय ठावं?" तर ग्यानबा म्हणाला, "मारुतीला तरी म्हशीचं काय ठावं असतं? तरी सांगतो ना?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या दारी माणसं यायला लागली.

पहिला ग्यानबाच आला, नारळ घेऊन. "मास्तर, तो बंगल्यातला पुजारी मला बरा माणूस वाटून राहिला. बायकापोरांचा असंल बिचारा."

"ग्यानबा, पुस्तक छापलेलं हाय. मी काय करणार?"

"छापलेलं हाय हो," ग्यानबा म्हणाला, "पण वाचणारे तुमी ना."

मग वाणी गुळाची ढेप घेऊन आला आणि दुकानदारावर कसे खोटे आळ येतात ते दोन घटका सांगत बसला. जयंतीच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक करणारी मंजुळाबाई परातभर दशम्या घेऊन आली. "त्या सैपाकिणीनं लई सोसलं हो मास्तर. तिला मधी घेऊ नका," म्हणताना तिचे डोळे खरोखरच भरून आले. मास्तरांच्या बायकोनं, चतुराबाईनं, सगळं नीट आत ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "एवढं जोरात काहून वाचता? सावकाश वाचा की. पाऊस पडेपर्यंत पुरलं पाहिजे पुस्तक."

मास्तरांनाही आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला सांगा. दहा वर्षं ह्या गावात काढली तरी शिरड शहापूरचे म्हणून ते अजून परगावचेच होते. लग्नात पंगतीच्या टोकाला बसणारा हा माणूस आठ दिवसांत असा वधारला, की पाणवठ्यावर बायका त्याला वाट द्यायला लागल्या.

पाचव्या दिवशी तातेराव पाटील आला. त्यानं हातात काही आणलं नव्हतं. बाजेवर बसला, पान लावलं, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी केल्या आणि उठता उठता म्हणाला, "मास्तर, तो बैलवाला मला काही बराबर वाटत न्हाई."

एवढंच बोलून तो गेला. मास्तर मात्र जागच्या जागी बसून राहिले. पुजाऱ्यासाठी पुजारी आला होता, दुकानदारासाठी दुकानदार. जो आला तो स्वतःची कातडी वाचवायला आला. हा एकटाच असा आला की त्यानं मालकाबद्दल अवाक्षर काढलं नाही, दुसऱ्याकडं बोट तेवढं दाखवलं. दिनकररावानं वहीत टिपलं असतं ते हेच. पेटी पाटलाची, मेण पाटलाचं, डोळे बसवणारा हात पाटलाचा. वैशाखात त्याच्या पोरीचं लग्न होतं आणि जावयाच्या करदोट्याला चांदी कुठून आली हे विचारायची हट्ट्यात रीत नव्हती. मास्तरांना सगळं लख्ख दिसलं आणि दिसल्याबरोबर त्यांनी उठून दार लावून घेतलं.

कारण राहतं घर पाटलाचं होतं. शाळा भरायची तीही पाटलाच्या ओसरीवर. अमीन आला की जेवायला पाटलाकडं. पाटलानं वर एक अर्जी केली असती तर मास्तरांची बदली थेट तेलंगणात झाली असती, जिथं पाणी मागायचं तरी कुठल्या भाषेत मागायचं हा प्रश्न.

मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडून पाहिलं. तिथं बैलवालाच चोर होता. का, कसा, काही पत्ता नाही. दोन ओळींत दागिने त्याच्या झोळीतून निघाले आणि गोष्ट संपली. लेखकाला बहुधा पुढच्या पुस्तकाची घाई असावी.

चतुराबाईला त्यांनी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मग चांगलंच झालं की. जसं छापलं तसं वाचा. लबाडी न्हाई, काही न्हाई. तुमच्या बापाचं काय जातं?"

"खेमा जाईल ना."

"खेमा तुमचा कोण लागतो?"

कोणी लागत नव्हता, हे खरंच होतं.

शेवटच्या दिवशी लिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. अमिनानं एक जवान धाडला होता, तो दोरी मांडीवर घेऊन पुढंच बसला. खेमा सावलीच्या कडेला उकिडवा बसला होता. खरं तर आज त्याच्या जिवावर बेतलेलं, पण बहाद्दर ते विसरून गेलेला. दिनकरराव वही कधी काढतो आणि कुणाला काय विचारतो ह्यातच त्याचा जीव गुंतलेला. मास्तर जरा थांबले की तोच म्हणायचा, "मंग?"

मास्तर शेवटच्या पानावर आले. समोर छापलेलं होतं: बैलवाला. त्यांनी मान वर केली, तर खेमा तोंड उघडं टाकून त्यांच्याकडं बघत होता. मास्तरांच्या तोंडून तो शब्द निघेना. आता दुसरं कुणाचं नाव घ्यायचं? पुजाऱ्याचं घेतलं तर ग्यानबा जाणार, स्वयंपाकिणीचं घेतलं तर मंजुळाबाई. मालकाचं घ्यावं तर मालक समोर पान चघळत बसलेला. ज्याचं गावात कुणी नाही, ज्याच्यासाठी कुणी नारळसुद्धा आणला नाही, असा सगळ्या पुस्तकात एकच माणूस उरला होता.

"आणि मग," मास्तरांनी घसा खाकरून वाचलं, "दिनकररावानं आपल्याच कोटाच्या खिशात हात घातला आणि दागिने काढून टेबलावर ठेवले."

कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावला. मोहनसिंगानं विचारलं, "दिनकररावच चोर? तेरा पुस्तकं आमी ज्याच्या मागं फिरलो तो?"

"व्हय," मास्तर म्हणाले.

आपण फार शहाणपणा केला असं त्यांना क्षणभर वाटलं. बातमीदार हट्ट्यात आहेच कुठं? म्हणजे चोरही नाही, खेमा सुटला, पाटीलही रागावणार नाही, सगळं गोडीगुलाबीनं मिटलं. पण गावाला एकदा चोर हवा झाला की तो मिळाल्याशिवाय गाव उठत नाही.

वाण्यानं विचार करत करत म्हटलं, "म्हणजे वही घेऊन फिरणारा. ज्याला त्याला इचारून लिहून घेणारा."

"अन् परगावचा," ग्यानबा म्हणाला.

"गेल्या साली खानेसुमारीला घरोघर कोण हिंडलं? माणसं किती, गुरं किती, कोण लिहून घेऊन गेलं?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्यांच्या माना एकदम मास्तरांकडं वळल्या. आठ दिवस नारळ आणि गूळ आणणारी हीच माणसं होती आणि आता त्यांच्या तोंडावर काय सुटकेचा आनंद होता म्हणता. आपल्यातलं कुणी नाही, ह्याहून गोड बातमी गावाला नसते.

पाटलानं पान थुंकलं. तो धूर्त होता. त्याला मास्तर नको होता, खेमा हवा होता. मास्तर बोलायला लागला तर काय काय बोलेल ह्याचा अंदाज त्याला आला असावा. तो अगदी मायेनं म्हणाला, "मास्तर, उन्हानं डोळे दिपले असतील. एकदा पुन्हा वाचा. बैलवाला राहून तर गेला न्हाई ना, बघा."

मास्तरांनी पानाकडं पाहिलं. छापलेला शब्द जागेवरच होता. नुसता वाचला असता तरी खोटं बोलल्याचं पाप नव्हतं. पाटलाचं नाव तर ओठांवर येऊन बसलं होतं, पण तातेराव एकटक त्यांच्याकडं बघत होता. हेही नाव घेववेना आणि तेही घेववेना. त्यांनी पुस्तक मिटलं.

"बराबरच वाचलं," ते म्हणाले.

जवानानं दोरी उलगडली. चतुराबाईनं आधी पाटलाला, मग गावाला आणि शेवटी नवऱ्याला अशा शिव्या घातल्या की लिंबावरचे कावळे उडाले, आणि मग ती दारात बसून ढसाढसा रडली. मंजुळाबाई तिन्हीसांजेच्या आत आपली परात परत न्यायला आली.

सकाळी मास्तरांना वसमतला अमिनाकडं न्यायचं होतं. खेमाच्या गाडीला नवा आख बसला होता आणि तो त्याच वाटेनं जाणार होता, म्हणून जवानानं मास्तरांना त्याच गाडीत घातलं. जवान मागं पोत्यांवर झोपून गेला. वेस मागं पडेपर्यंत खेमानं बैल हाकले. मग मान न वळवता म्हणाला, "मास्तर, काहून केलं हो असं? घरात कमी पडलं होतं तर तांड्यावर यायचं. आमी काय दिलं नसतं?"

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं. थट्टा नव्हती. खेमाला खरोखरच वाईट वाटत होतं. मास्तरांना हसावं की रडावं ते कळेना.

"खेमा," ते अखेर म्हणाले, "दिनकररावानं चोरी केली नव्हती. कुणी केली ते त्याला ठाऊक होतं."

खेमानं कासरे ओढले. गोष्ट अजून उरली आहे म्हटल्यावर तो अख्खा मागं वळला. "ठाऊक होतं? मंग सांगितलं काहून न्हाई?"

"भ्याला."

खेमानं त्यावर नीट विचार केला. तेरा पुस्तकं त्यानंही ऐकली होती.

"भ्याला, अन् दुसऱ्या कुणावर आळ येऊन राहिला होता तरी गप बसला?"

"जवळजवळ."

"मंग बसू द्या त्याला आत," खेमा म्हणाला, आणि पुढं वळून त्यानं बैल हाकले.