आकसलेली दाढी

सामाईक भट्टी उघडली, की आमचं अख्खं कुंभारांचं गाव, फ्रेखेन, आपापल्या मातीच्या बुधल्यांपेक्षा शेजाऱ्याचे बुधले आधी बघतं. त्या सकाळी वीरिशचा माल बाहेर आला आणि त्याची वहिनी स्टिंगिन जागच्या जागी ताठ झाली.

तिचा नवरा थिएस हिवाळ्यात गेला. त्याच्या बुधल्यांच्या गळ्यावर असायचा तो दाढीवाला चेहरा, ओठाचा एक कोपरा वर, शेजाऱ्याचं वाईट झालेलं नुकतंच कानावर आल्यासारखा. कोलोनचे व्यापारी तोच चेहरा मागत. कुंभार गेला की त्याच्या चेहऱ्याचा साचा विधवेचाच, हे आमच्यात पूर्वापार ठरलेलं. तेवढ्यावर तिचं घर उभं होतं. आता तोच वर गेलेला ओठ वीरिशच्या बुधल्यांवर होता.

“भावजी, हे तोंड कुणाचं?”

“दादाचंच की. जाताना त्यानं साचा माझ्या हातात दिला. म्हणाला, सांभाळ.”

“साचा माझ्या पेटीत आहे.”

“मग दोन असतील. दादा काय मला विचारून साचे करायचा?”

दोघंतिघं हसले. वीरिश असाच. तुमच्याकडे मीठ मागायला येईल आणि जाताना तुमचं मीठ कसं अळणी आहे ते सांगून जाईल.

स्टिंगिननं आपला बुधला त्याच्या बुधल्याशेजारी ठेवला. ओठ तोच, भुवया त्याच. वीरिशची दाढी मात्र चांगलीच आखूड.

“धुतल्यावर आकसली वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं. यावर कुणी हसलं नाही.

माती भाजली की आकसते, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. थिएसच्या साच्यातून काढलेला चेहरा थिएसच्याच मापाचा येणार. लहान येतो तो भाजलेल्या बुधल्यावर माती दाबून साचा चोरला तर. आधी तो साचा आकसतो, मग त्यातून काढलेला चेहरा. वीरिशलाही हे ठाऊक होतं. पण घाईत माणूस माप विसरतो.

“त्याला पुरल्यावर जेवायला आलास,” स्टिंगिन म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. “फळीवरचा बुधला पोटाशी धरून रडलास. दादाची आठवण म्हणून घरी नेलास. मी तुला वर आणखी रस्सा वाढला रे.”

भट्टीचा कारभार बघणारे थोरले पाउल्सकाका खाकरले. “साचा फोडून टाकू. पण हा माल विकू दे त्याला. सगळ्यांच्या लाकडावर भाजलाय.”

“वहिनी, अर्धे तू घे,” वीरिश पुटपुटला.

“माझ्याच घरातलं चोरून मलाच अर्धं?”

तिनं भट्टीच्या तोंडावरच्या विटा काढायची सळई उचलली. भट्टीत मीठ टाकून चढवलेला चकचकीत थर कातळासारखा, वीरिशच्या बुधल्यावरून पहिला घाव सटकला. दुसरा तिनं गळ्यावर घातला. दाढी दुभंगून राखेत पडली. मग पुढचा बुधला. मग त्याच्या पुढचा.

“स्टिंगिन,” पाउल्सकाका म्हणाले, “पुढच्या खेपेला भट्टीत जागा मिळायची नाही तुला.”

“नका देऊ. भट्टीची ही मागची भिंत थिएसनं स्वतःच्या विटांनी बांधलीय. इथलं झालं की ती उतरवून घरी नेते.”

काकांनी भिंतीकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. प्रत्येकाचा पुढचा माल भट्टीची वाट बघत घरी वाळत पडला होता.

“वीरिश,” काका म्हणाले, “साचा घेऊन ये. आणि येताना तुझ्या फळीवर असले आणखी असतील, तेही आण.”

वीरिश निघाला. स्टिंगिननं मान वर केली नाही. पुढचा बुधला तिच्या हातात होता.