स्पॅनिश भेंड्या

ह्यूस्टनच्या उकाड्यात सकाळी आठचा तास म्हणजे शिक्षाच, शिकणाऱ्याला आणि शिकवणारीलाही. उत्तरा पुण्यात स्पॅनिश शिकली, चौऱ्याऐंशी साली त्यातच पीएच.डी. करायला इथे आली, आणि फी माफ व्हावी म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायला लागली. पुण्याची मुलगी टेक्ससमध्ये स्पॅनिश शिकवते! ऐकणारा आधी हसायचा आणि मग "खरंच?" म्हणून विचारायचा.

तिने टेपवर गाणी लावून पाहिली. पोरं टोप्या डोळ्यांवर ओढून खुशाल डुलक्या काढायची. त्यात शुक्रवारी प्रोफेसर व्हिटेकर तास बघायला येणार होते. त्यांना तास पटला तर पुढच्या वर्षी नोकरी, नाही तर बॅग भरून परत. फी स्वतः भरण्याची कुठली आलीय ऐपत?

"अगं, टेप कसली लावतेस?" तिची रूममेट दीपा म्हणाली. "मराठी मंडळाच्या पिकनिकला बघितलं नाहीस? एरवी मराठीत 'हो' म्हणायला लाजणारी कार्टी भेंड्यांमध्ये कसा गळा काढतात! हरायचं नसतं ना कोणाला. तुझ्या पोरांनाही भेंड्या खेळायला लाव, यार!"

बाईसाहेबांनी लावल्या. वर्गाचे दोन गट केले. एकाचं गाणं ज्या अक्षरावर संपेल, त्यावरून दुसऱ्याने म्हणायचं. शिवाय गाणं कोणाकडून शिकलात आणि ते लोक ते कधी म्हणतात, हेही सांगायचं, त्याशिवाय गाणं धरणार नाही. मग काय विचारता! वेन नावाचा आडदांड फुटबॉलवाला कॅन्टीनमधल्या स्वयंपाकिणीच्या मागे लागून लागून लग्नातलं गाणं घेऊन आला. दुसरी एक चर्चमधल्या म्हातारीकडून नाताळचं शिकून आली. डुलक्या गेल्या कुठच्या कुठे.

गप्प होती ती फक्त तेरेसा. गंमत बघा, घरी स्पॅनिश बोलणारी अख्ख्या वर्गात ती एकटीच. आईबाप मेक्सिकोच्या सीमेवरचे. पण लहानपणी शाळेत स्पॅनिश बोलली म्हणून तिने मार खाल्लेला, आणि इथे पाहावं तर पुस्तकातलं स्पॅनिश निराळंच. पोरीने तोंडाला कुलूपच लावलं होतं. उत्तराने तिला कधी भरीला घातलं नाही, पण तिच्यासाठी जीव तुटायचा.

शुक्रवार उजाडला. व्हिटेकर मागच्या बाकावर पेन उघडून बसले. खेळ रंगला, आणि तेरेसाचा गट 'म'वर अडला. समोरचे टाळ्या पिटत आकडे मोजायला लागले. इतक्यात तेरेसा उभी राहिली.

"हे माझ्या आईने रचलंय," ती खाली बघत म्हणाली. "बाबांना कामावरून यायला उशीर झाला की टॉर्टिया भाजता भाजता म्हणते."

आणि गायला लागली. 'मि रेय', म्हणजे माझ्या राजा, तुझा 'त्रोका' कुठे पार्क करून बसलास, इथे टॉर्टिया गार झाल्या, असं काहीसं ते गाणं होतं.

"थांबा," व्हिटेकर म्हणाले. "त्रोका म्हणजे ट्रकच ना? आणि पार्क? ही इंग्लिशची भेसळ आहे. हे स्पॅनिश नव्हे."

तेरेसा मटकन खाली बसली. कानापर्यंत लाल झाली होती.

त्याच सकाळी उत्तरा दीपाला "कार लांब पार्क केलीय, लेक्चर कॅन्सल झालं तर फोन कर" असं सांगून निघाली होती. मग ते काय मराठी नव्हतं? आईशी फोनवर असंच तर बोलायची ती! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेली नोकरी खड्ड्यात! तिने खडू उचलला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'व्हिटेकर' लिहिलं आणि पुढे एक रेघ ओढली.

"सर, गाण्याच्या मधे जो बोलेल त्याच्यावर भेंडी चढते. या वर्गातला नियम आहे."

वर्गात हसायचीही कोणाची छाती होईना.

"तेरेसा, बाळा, पहिल्यापासून म्हण."

या वेळी तिचा आवाज लागला तो असा की वेन बाकावर ठेका धरून बसला, आणि शेवटच्या ओळीला सगळ्या वर्गाने साथ दिली. व्हिटेकरांचं पेन काही हललं नाही. तास संपला तसे ते तडक बाहेर पडले.

"मिस, सोमवारी आईला आणू?" तेरेसाने विचारलं, आणि तेही चक्क स्पॅनिशमध्ये! "तिला अशी खूप गाणी येतात." उत्तराने तिला जवळच घेतलं. जाता जाता एवढं तरी पदरात पडलं, म्हणून तिचे डोळे भरून आले.

ती बाहेर आली तर व्हिटेकर दारातच उभे.

"माझी बायको सीमेवरच्या लारेडोची होती," ते म्हणाले. "असंच बोलायची. मी दर वेळी तिचं स्पॅनिश सुधारायचो. शेवटी शेवटी ती माझ्याशी फक्त इंग्लिशच बोलायची."

बिचारा, उत्तराच्या मनात आलं.

"पुढच्या वर्षीही हा वर्ग तुमचाच. तसं लिहून देतो." ते घुटमळले. "सोमवारी त्या मुलीची आई येणार ना? मी मागे बसलो तर चालेल?"

"या की, सर," उत्तरा म्हणाली. "पण मागे नाही, तिच्या शेजारी बसायचं. आणि ती शिकवेल ते गाणं तिच्यामागून म्हणायचं."

"म्हणेन," व्हिटेकर म्हणाले, "तिचं ऐकून, तसंच्या तसं."