तुडवलेला बर्फ

एप्रिल निम्मा सरला तरी हेल्वेच्या बागेतला बर्फ हलायला तयार नव्हता. असला मेला हिवाळा त्या गल्लीत कुणी कधी पाहिला नव्हता. जानेवारीत पारा उणे चौतीसवर गेला, विहिरीचा पंप फुटला, पोस्टमन दोन आठवडे फिरकला नाही. आता कुठे दक्षिणेचं वारं सुटलं होतं, पागोळ्या ठिबकायला लागल्या होत्या, झाडावर टांगलेल्या पेटीत मैना परतल्या होत्या. जो तो फाटकात उभा राहून म्हणत होता, "सुटलो बाबा एकदाचे!" हेल्वेला काही सुटल्यासारखं वाटत नव्हतं. बर्फ कधी वितळतो असं तिला झालं होतं, आणि वितळूच नये असंही वाटत होतं.

त्याला कारण तिचा नवरा एंडेल, आणि सफरचंदाची चार झाडं.

सफरचंद लावणाऱ्याला हिवाळ्यात सुट्टी नसते. प्रत्येक मोठ्या बर्फानंतर बाहेर पडायचं आणि एकेका खोडाभोवती गोल फिरत बर्फ पायांनी दगडासारखा घट्ट तुडवायचा. नाहीतर भुसभुशीत बर्फाखालून उंदीर बोगदे काढत येतात आणि साल कुरतडतात. साल चहूबाजूंनी गेली की खेळ खलास. झाड वरून धडधाकट दिसतं, पालवीसुद्धा फुटते, आणि जूनमध्ये उभ्याउभ्या वाळून जातं.

सेहेचाळीस हिवाळे हे काम दोघांनी मिळून केलं होतं. यंदा नोव्हेंबरात हेल्वे पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. चार महिने पलंगावर, तोही पुढच्या खोलीत. खिडकीतून दिसायचा फक्त रस्ता. बाग मागे. तिथे एंडेल एकटा जायचा आणि मिशांवर बर्फ घेऊन परत यायचा.

"तुडवली?" ती विचारायची.

"सगळी. एकही सोडलं नाही."

"नक्की ना?"

"मग काय नाचायला गेलो होतो?"

पण याच एंडेलने फेब्रुवारीत स्वतःचे बूट घर तापवायच्या भट्टीत ठेवले होते. एकदा कॉफीत मीठ घातलं आणि न कुरकुरता अख्खा कप प्यायला. एका सकाळी तिला विचारलं, "आई उठली का?" त्याची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. हेल्वे म्हणाली, झोपलीय अजून. आणि मग स्वतःलाच समजावलं की म्हातारपणी एवढं व्हायचंच.

राजधानीत, तालिनला राहणारी त्यांची लेक पिरेत मात्र समजूत घालून घेणाऱ्यांतली नव्हती. फोनवर तिने सरळ सांगून टाकलं होतं, "आई, बाबाचं डोकं ठिकाणावर असेल तर राहा तिथेच, माझं काही म्हणणं नाही. नसेल तर घर विकायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. तू स्वतः काठीवर. त्याच्यामागे धावणार कशी?"

"अगं, ठणठणीत आहे तो! अख्खा हिवाळा बाग एकट्याने सांभाळली."

"बरं. बाग आवरायला रविवारी येतेच आहे. बघते."

बघते म्हणजे बघणारच. पोरगी आईवर गेली होती.

पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एंडेल काय करेल, हे हेल्वेला डोळ्यांपुढे दिसत होतं. खिडकीशी बसेल, आणि बसल्या बसल्या विझून जाईल.

गुरुवारी ऊन पडलं आणि बर्फ भराभर खचायला लागला. तुडवलेला बर्फ सगळ्यांत शेवटी वितळतो. त्यामुळे वसंतात गावात बागोबाग एकच देखावा असतो, ओलं तपकिरी गवत आणि प्रत्येक खोडाभोवती पांढरी गोल कडी. कडी दिसली की समजायचं, घरचा माणूस कामाचा आहे.

शेजारची माल्ले कुंपणावरून ओरडली, "काय गं हेल्वे, तुझा म्हातारा अख्खा हिवाळा बर्फात गोल गोल नाचत होता! मला वाटलं दुसऱ्या लग्नाची तयारी चाललीय!"

"करू दे की! तुझ्याच गळ्यात बांधते!" हेल्वेने तिथल्या तिथे परतवलं. तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे तुडवत होता. माल्लेने डोळ्यांनी पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी एंडेल अजून झोपलेला असताना ती काठी टेकत पहिल्यांदाच मागे गेली.

शेडजवळच्या चार झाडांभोवती कडी नव्हती. एकाभोवतीही नाही. मनगटाएवढी खोडं बुडाशी पांढरी फटक पडली होती. वीतभर उंचीपर्यंत साल चारी बाजूंनी साफ, लाकडावर बारीक बारीक दातांच्या खुणा.

"खोटारडा!" ती मोठ्याने म्हणाली. चार महिने तोंडावर सांगत होता, एकही सोडलं नाही! मग माल्लेने काय भूत पाहिलं?

ती घराकडे जायला वळली, आणि कुंपणाकडच्या मोकळ्या गवतात तिला कड्या दिसल्या.

तीन कड्या. सुबक, गोल, कडक. एकेका पावलाचा ठसा वाचता यावा अशा. आणि मधे काहीच नाही. नुसतं आडवं पडलेलं गवत.

तिला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि तिने काठी घट्ट धरली. तिथे जुनी झाडं होती. अकरा वर्षांपूर्वीच्या थंडीने तिन्ही मारली, एंडेलने स्वतः करवत चालवली, बुंधे उपटले, खड्डे बुजवले आणि नवी चार शेडजवळ लावली. मधलं झाड पिरेतचं, ती जन्मली त्या आठवड्यात लावलेलं. चार महिने, प्रत्येक बर्फानंतर, तो या झाडांना जपत होता. खोटं एका शब्दाने बोलला नव्हता.

हेल्वे बाकावर बसली आणि मनसोक्त रडली. मग नाक पुसलं आणि उठली. रविवारला दोनच दिवस होते.

बर्फावर राख टाकली की तो लवकर वितळतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हेल्वेने भट्टीतली राख बादलीत भरली आणि एका हातात काठी, एका हातात बादली घेऊन खेपा घातल्या. शुक्रवारी चार, शनिवारी सहा. खुबा ठणकत होता. कुरतडलेल्या खोडांना तिने गोणपाट गुंडाळलं, जसं काही थंडीसाठीच बांधलं असावं. चोरी करताना पकडले जाऊ अशी धास्ती वाटत होती, आणि चोरी तरी कसली, स्वतःच्याच बागेतला बर्फ! रविवारी सकाळी कड्यांच्या जागी तीन काळी डबकी उरली होती.

पिरेत अकराच्या बसने आली. एंडेल दाढी करून तयारच होता. बर्चच्या खोडातून काढलेला ताजा रस त्याने स्वतः ओतला, राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी थापलं, लेकीला चिडवलं, "शहरात काय कागद खातेस काय? वाळलीस की!" पिरेत हसली. आईकडे बघून तिने मान हलवली, चांगला आहे की, अशा अर्थाने. हेल्वेच्या छातीवरचा धोंडा जरा हलला. निभावलं, ती मनात म्हणाली. देवा, आजचा दिवस निभावून ने.

मग तिघं बागेत गेले. पिरेतने दाताळं घेतलं आणि कुंपणाकडची पानं ओढायला सुरुवात केली. एंडेल शेडमागे गेला. बराच वेळ आला नाही. आला तो ढकलगाडी घेऊन. उत्तरेच्या सावलीतला बर्फ तिच्यात शिगोशीग भरलेला.

"कुठल्या शहाण्याने इथे राख टाकली?" तो कडाडला. "आत्ताच मुळं तापली तर फुलं लवकर येतील. मग मे महिन्याच्या थंडीत जळाली की रडत बसा!"

बागकामातलं एक अक्षर चुकलं नव्हतं त्याचं. पिरेत दाताळ्यावर रेलून हसली. "कशाची फुलं, बाबा?"

"कशाची काय! तुझ्या झाडाची." त्याने गाडी उपडी केली. "आणि मुळांवर उभी आहेस. हो बाजूला."

पिरेतने पायांखाली पाहिलं. ओलं गवत आणि काळं पाणी. मग तिने आईकडे पाहिलं, आईच्या नखांत बसलेल्या राखेकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं. एक पाऊल मागे घेऊन मुळांवरून बाजूला झाली.

"फोनवर मी खोटं बोलत होते," हेल्वे म्हणाली. "मला भीती वाटत होती गं."

"आई…"

"दोघी गप्पा काय ठोकताय?" एंडेल फावड्याने बर्फ गोल पसरत होता. त्याला धाप लागली होती. "तुडवायला या की. अख्खा हिवाळा एकटाच करतोय मी."

हेल्वेने काठी कुंपणाला टेकवली. पिरेतने पुढे होऊन तिचा दंड धरला. तिघं त्या रिकाम्या जागेभोवती फिरायला लागले, एंडेल पुढे, त्याच्या पावलांवर पावलं टाकत त्या दोघी.

दुसऱ्या फेरीला हेल्वे हळूच म्हणाली, "खोली तयार ठेव, पिरेत. आम्ही येतो."

पिरेतने नुसता तिचा दंड दाबला.

"घट्ट तुडव गं पोरी," एंडेल मागे वळून म्हणाला. "नुसती चालू नकोस. उंदरांचा काही भरवसा नाही."