रस्त्यापलीकडचं लॉन

"प्लंबरला बोलवा म्हणते मी!"

"आख्खं शेत भिजवतो मी. दोन खाटांएवढ्या लॉनला प्लंबर?"

समोरच्या घरात भांडण पेटलं की मी चहाचा कप घेऊन ओट्यावर येऊन बसतो. एकट्यानं प्यायला चहा गोड लागत नाही. समोर राहतो आमचा खटपट्या. शेजाऱ्याच्या सायकलीपासून म्हाताऱ्यांच्या कवळीपर्यंत काहीही दुरुस्तीला घेतो आणि उरलेले स्क्रू खिशात वाजवत फिरतो. त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, ओणवं होऊन होऊन दारापुढं गवताची रोपं टोचली होती. त्यांची थोरली बहीण राहायला यायची होती ना! त्या बहिणीच्या दारात लॉन आहे, आणि कशावरही बोलत असली तरी ती शेवटी त्या लॉनवर येऊन बसते. यंदा वहिनींना तिचं तोंड बंद करायचं होतं.

खटपट्यानं शेतातली रेनगन उचलून आणली. मक्याच्या रानात पाणी फेकते ती, हातभर नळीची. लॉनच्या बरोबर मधोमध उभी केली, आणि हलू नये म्हणून बुडाशी सिमेंट ओतलं. विहिरीचा पाइप तिलाच कायमचा चिकटवून टाकला.

"बघ रे आता!" मला हाक मारून त्यानं मोटरचं बटण दाबलं.

रेनगन आधी खोकली. मग फटफट करत फिरायला लागली. पहिल्या फेरीत वाळत घातलेल्या चादरी भिजल्या, दुसऱ्या फेरीत पोस्टमन सायकलीसकट न्हाला, आणि तिसऱ्या फेरीत माझा रिकामा कप पुन्हा भरला.

"अहो, लॉन बघा, लॉन!" वहिनी किंचाळल्या.

लॉनवर थेंब नव्हता. सगळं पाणी वरून उडून रस्त्यापलीकडे माझ्या अंगणात पडत होतं. खटपट्या मधोमध कोरडा ठणठणीत उभा होता. पाणी कमी सोडलं की रेनगन नुसती बुडाशी गळायची, जोरात सोडलं की थेट माझ्याकडे. उपटावी तर सिमेंट.

"जमेल, दाब जमेल हळूहळू," तो म्हणाला.

कसला जमतोय! रोज सकाळी तोच तमाशा. घरच्या नळाला जेमतेम पिण्यापुरतं पाणी, तेव्हा वहिनी तरी काय करणार? गवत पिवळं पडलं, मग त्याच्या काड्या झाल्या. एके दिवशी वहिनी पायरीवर बसून रडल्या. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण मी तक्रार काही केली नाही. माझ्या ज्या अंगणात जन्मात दगडाशिवाय काही दिसलं नव्हतं, तिथं आता घोट्याएवढं हिरवंगार गवत होतं, आणि माझी शेळी खाऊन खाऊन गोल झाली होती.

शेवटी बहीण आली. गाडीतून उतरली, काड्यांकडे बघितलं आणि गोड हसली.

"कुठंय गं तुझं लॉन?"

खटपट्या खिशातले स्क्रू मोजायला लागला. मग वहिनींनी मान वर केली आणि सरळ माझ्या अंगणाकडे बोट केलं.

"ते काय, रस्त्यापलीकडे. दाराशी लॉन असलं की चिखलाचे पाय घरात येतात ना, म्हणून लांब केलंय."

बहिणीचं हसू मावळलं. "येतात खरे," ती पुटपुटली. "आणि ते ओट्यावर कोण बसलेत?"

"माळी."

मी तोंड उघडलं. वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी ते तसंच मिटलं. कप खाली ठेवला, विळा घेतला आणि वाकून म्हणालो, "नमस्कार, बाईसाहेब."

"आणि ती शेळी?"

आता खटपट्याला कंठ फुटला. छाती काढून म्हणाला,

"ते गवत कापायचं मशीन. मीच बसवलंय."