स्टॉकहोमचा एक तास

मी हेलसिंकीतल्या एका स्वयंपाकघरातलं पिवळं घड्याळ बोलतोय. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, मी तासभर मागे पडलोय. मी मागे पडलेलो नाही. मी स्टॉकहोमची वेळ दाखवतो, आणि तिथे इथल्यापेक्षा एक तास कमीच असतो.

मला आउनेने पाठवलं. तरुणपणी ती कामासाठी समुद्रापलीकडे स्वीडनला गेली आणि तिकडचीच झाली. धाकटी बहीण हिल्या इथेच राहिली. 'माझी वेळ तुझ्या भिंतीवर असू दे, नाहीतर पहाटे फोन करून मला उठवशील,' अशी चिठ्ठी माझ्याबरोबर होती.

दोन्ही शहरांत अंतर चारशे किलोमीटर, विमानाने तासभर.

"अगं, विमान तिथून नऊला सुटतं नि इथे नऊलाच उतरतं," आउने फोनवर ओरडायची, ते मलाही ऐकू यायचं. "तुला यायला वेळच लागत नाही. मग अडलंय कुठे?"

"येईन गं. तू काय लांब आहेस?" म्हणत हिल्या बटाटे सोलू लागायची.

लांबच्या अमेरिकेला ती दोनदा जाऊन आली. आउनेकडे मात्र, मी या भिंतीवर आल्यापासूनच्या अकरा वर्षांत, एकदाही नाही.

मग एका मे महिन्यात आउनेच्या मुलीचा, मारितचा फोन आला. "मावशी, उद्या सकाळीच ये. आई सारखी तुझं नाव घेतेय. फार वेळ नाही." हिल्याने लगेच सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं.

विमान इथल्या नऊ वाजून दहा मिनिटांचं होतं. आउनेला आवडतो म्हणून वेलदोड्याचा गोड पाव करायला हिल्या लवकर उठली. पीठ मळताना मनगटावरचं घड्याळ काढलं, ते फडक्याखाली गेलं. तिने मान वर करून मला पाहिलं. माझ्यावर सहा वाजले होते. "अजून तास आहे," ती पुटपुटली आणि आणखी एक पाव भट्टीत सरकवला.

इथे सात वाजले होते. निघायची वेळ झाली होती. माझ्यात एक तास मिळवायला ती एरवी कधीच चुकली नव्हती; त्या सकाळी तिचं मन आधीच बहिणीपाशी पोचलं होतं. मी जीव तोडून टिकटिक केली. मला तेवढंच येतं.

विमान चुकलं. दुपारच्या विमानाने ती पोचली, तेव्हा आउने गेली होती. आठवड्याने हिल्या परतली. पिशवीत तो पाव तसाच होता, दगडासारखा कडक.

उन्हाळ्यात मारित आली. "मावशी, हे पुढे करून ठेवू? उगाच जिवाला घोर."

तिने माझ्या काट्याला बोट लावलं मात्र, हिल्या किंचाळली, "हात लावू नकोस!" मग हळूच म्हणाली, "राहू दे गं. तिथे अजून एक तास आहे."

तेव्हापासून ती रोज माझ्याकडे बघत बसते. मला फार अपराधी वाटतं. हिल्या, तो तास माझ्याकडे नाही गं, कधीच नव्हता. आणि तुम्हाला सांगतो, ज्याच्याकडे जायला वेळच लागत नाही, त्याच्याकडे आधी जा.