पडघ्यापर्यंत

“सरक,” दामू म्हणाला. पडघ्याच्या अलीकडच्या ढाब्यावर चहा पिऊन झाला होता आणि आता नेहमीप्रमाणे जागा बदलायच्या होत्या. त्याची बायको ठकुबाई मात्र ट्रकच्या स्टिअरिंगमागून हलेना.

“आज मीच नेते शेलारपातूर,” ती म्हणाली.

“आन लोकांनी काय बगायचं? सरक बोल्लो ना.”

ती सरकली. आठ-नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. दामूची कंबर धरली तेव्हा त्यानेच तिला गाडी शिकवली होती, तीही फारसं न ओरडता. लायसन्सही त्यानेच काढून दिलं होतं. बुऱ्हाणपूरहून शेलारला सूत घेऊन निघालं की धुळे, नाशिक, कसारा घाट, सगळं ठकुबाईच्या हातून पार पडे. दामू शेजारी बसून बडीशेप चघळत गावच्या गप्पा हाणत असे. पण पडघा आला की दामू स्टिअरिंगवर आणि ठकुबाई डोक्यावर पदर घेऊन क्लीनरच्या जागी. पुढचा सगळा मुलूख ओळखीचा होता. त्यांच्या दिघाशी गावातली कितीतरी माणसं शेलारच्या गोदामांत हमाली करायची. दामू बायकोच्या जिवावर बसून खातो, असं कोणी म्हटलं असतं तर त्याला गावात मान वर करता आली नसती. नवऱ्याचा मान राखायचा तर एवढं चालवून घ्यावं, अशी ठकुबाई मनाची समजूत घाली. पण घाट उतरवून आणलेल्या गाडीत पाहुणीसारखं बसायचा राग तिला दर खेपेला यायचाच.

त्यात वर्षभरापासून दामूचा साखरेचा आजार डोळ्यांवर आला होता. दिवेलागणीनंतर जरा धूसर दिसतं, एवढंच तो कबूल करी. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं, ते त्याने कानाआड केलं. म्हणून पडघ्याच्या पुढे ठकुबाई हळूच सांगत राही, “डावीकडं टेम्पो... फुडं गाय हाय.” दामू सगळं ऐके आणि ऐकत नसल्यासारखं दाखवी.

आज सकाळचं लख्ख ऊन होतं. शेलारच्या अलीकडे एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन कडेने चालली होती. भर उजेडात एवढी मोळी दिसेलच, म्हणून ठकुबाई काही बोलली नाही. गाडी सरळ म्हातारीच्या अंगावर निघाली. ठकुबाई किंचाळली आणि तिने स्टिअरिंग ओढलं. दामूने करकचून ब्रेक दाबला. म्हातारी कडेच्या गवतात बसली होती, धडधाकट होती. तिने दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, काटक्या गोळा केल्या आणि चालू लागली.

“तुमाला दिसली न्हाय,” ठकुबाई म्हणाली.

“ऊन डोल्यांवर आलं.”

“ऊन पाठीमागं हाय.”

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. “मंग मी काय करू?” त्याने विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोला हे कधी विचारलं नव्हतं.

“उतरा. हिकडं येऊन बसा.”

तो उतरला. ठकुबाई गाडी चालवू लागली. भीती होतीच, पण आपण आता ओळखीच्या लोकांसमोरून गाडी नेतोय याचा आनंदही झाला. त्या आनंदाची तिला लगेच लाज वाटली.

गोदामाच्या फाटकात मुकादम रामनाथ उभा होता. “काय दामूदादा, आज त्या बाजूला?” हमालांनीही माना वळवल्या.

ठकुबाईने सबब तयार ठेवली होती. “त्यांचा हात मुरगाललाय, म्हनून...”

“हात धड हाय माजा,” दामू म्हणाला. “डोलं गेलं. गाडी हीच आनते. आजची न्हाय, कवापासून.”

मागे कोणीतरी हसलं. “बरं, लावा मंग फलाटाला,” रामनाथ म्हणाला.

गाडी मागे घेताना मागून हाक द्यायची, हे क्लीनरचं काम. दामू कोणी न सांगता उतरून मागे गेला. “येऊ दे,” त्याची खणखणीत हाक आली. ठकुबाईने आरशात पाहिलं. माल उतरवायच्या फलाटाला पाठ टेकवून तो उभा होता. तोंड भलतीकडेच होतं, आणि एक हात पुढे करून तो गाडीचा फाळका, मागची झडप, कुठवर आलाय ते चाचपत होता. गोदामाच्या सावलीत त्याला एवढी मोठी गाडी दिसत नव्हती.

तिचा पाय ब्रेकवर गेला. ओरडून त्याला बाजूला करावंसं तिला वाटलं. पण हमाल बघत होते.

“येऊ दे, ठकू. घाबरू नको.”

जन्मात घेतली नव्हती इतकी हळू तिने गाडी मागे घेतली. आरशातल्या त्या हातावरून तिने नजर काढली नाही. फाळका दामूच्या पंजाला टेकला.

“बस,” तो म्हणाला.

ठकुबाईने इंजिन बंद केलं. हमाल फाळक्याच्या साखळ्या सोडायला आले, तरी दामू तिथेच उभा होता, फाळक्यावर तळवा ठेवून.